साठ वर्षे मागे जाऊन आलेल्या गटासमोर आता कोणता वर्तमानकाळ ठेवावा?

पडद्यामागचा (प्रश्न)

गेले चौदा महिने मी पाच खेळाडूंसाठी एक कल्पनारम्य कॅम्पेन, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका घेत सत्रामागून सत्र खेळायची एक सलग गोष्ट, चालवत आहे आणि परवा आमचे एकतिसावे सत्र पार पडले. त्या सत्राच्या अखेरच्या अर्ध्या तासात जे घडले त्याचे परिणाम कसे सांभाळावेत हे मला नीट उमगत नाही. पुढच्या सत्राला दहा दिवस आहेत, तेवढ्यात येथील अनुभवी गेममास्टरांचे (असे खेळ चालवणाऱ्यांचे) मत घ्यावे असे वाटले.

पार्श्वभूमी अशी आहे. आमच्या जगात एका सेनापतीने चाळीस वर्षांपूर्वी नदीकाठची सात नगरे जिंकून राज्य बळकावले, आणि पहिल्या सत्रापासून पात्रे त्याच्या विरोधात उभी आहेत. मध्यंतरी मी त्यांना एका पडक्या वेधशाळेत साठ वर्षे मागे उघडणारा दरवाजा सापडू दिला. ते मागे जातील, तरुण सेनापतीला दुरून पाहतील, त्याच्या एखाद्या दुबळ्या बाजूचा सुगावा घेऊन परत येतील, एवढीच माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांनी त्या एकोणीस वर्षांच्या मुलाला सैन्यभरतीच्या रांगेत गाठले, रात्रभर त्याची समजूत घातली आणि पहाटे त्याला समुद्रापार जाणाऱ्या जहाजात बसवून दिले. गटातल्या भाटाने मन वळवण्यासाठी वीस बाजूंचा फासा टाकला तेव्हा वीस, म्हणजे सर्वांत मोठे दान, पडले आणि ते दान मी सर्वांसमोर मान्य केले. ते आता मागे घेता येणार नाही आणि मला घ्यायचेही नाही, कारण इतका सुंदर प्रसंग आमच्या टेबलावर क्वचितच घडला आहे.

सत्र संपले तेव्हा पात्रे परतीच्या दरवाजाच्या उंबरठ्यावर उभी होती. आता पलीकडे काय दिसावे? सेनापती झालाच नाही असे मानले, तर एकतीस सत्रांतल्या जवळपास प्रत्येक घटनेचा पाया निघून जातो. काहीच बदलले नाही असे दाखवले, तर खेळाडूंनी केले-सवरलेले सगळे मुसळ केरात. त्यातच आमच्या गटातल्या वैद्याचे आईवडील सेनापतीच्या युद्धातल्या निर्वासितांच्या छावणीत भेटले होते, हे त्या खेळाडूने पहिल्याच सत्रात सांगितलेले आहे. युद्ध झाले नाही तर छावणी नाही आणि छावणी नाही तर वैद्यही नाही. ही गोष्ट तिच्या लक्षात आलेली असावी, कारण घरी निघताना ती नेहमीपेक्षा गप्प होती.

दुसरीकडे, चोराची भूमिका करणाऱ्या खेळाडूने उत्साहाच्या भरात जाहीर केले आहे की आता काहीही बिघडले तरी मागे जाऊन दुरुस्त करता येईल. त्याने वेधशाळेच्या पायरीखाली वीस सोन्याची नाणी पुरूनही ठेवली आहेत, साठ वर्षांनी उकरून काढण्यासाठी. हे वाक्य ऐकल्यापासून मला खरी काळजी लागली आहे.

एक बारीक गोष्ट उपयोगी पडेल की नाही ठाऊक नाही, पण सांगून ठेवतो. बाराव्या सत्रात सेनापतीने स्वतःच्या बालमित्राला ओळखले नव्हते. खरे तर मीच माझे टिपण विसरलो होतो. खेळाडूंनी मात्र ती चूक आहे असे न समजता त्यावर बराच काथ्याकूट केला होता.

जुनी वही

तुम्ही स्वतःच्या डोक्यावर घेतलेले ओझे निम्म्याहून अधिक अनावश्यक आहे. साठ वर्षांचा नवा इतिहास लिहिण्याची गरज नाही, कारण जुनाही तुम्ही कधी संपूर्ण लिहिलेला नव्हता. एकतीस सत्रांत टेबलावर जे मोठ्याने बोलले गेले तेवढेच तुमच्या जगात घडलेले आहे. जे तुमच्या वहीत आहे पण खेळाडूंच्या कानावर कधी गेले नाही, ते सारे अजून कच्चेच आहे आणि ते बदलले तरी कोणालाही बदल म्हणून जाणवणार नाही.

म्हणून सर्वप्रथम सत्रांची टिपणे काढून बसा आणि सेनापतीमुळे घडलेली, शिवाय खेळाडूंना माहीत असलेली, प्रत्येक गोष्ट एकेका कोऱ्या कार्डावर लिहा. माझ्या एका कॅम्पेनमध्ये अशीच वेळ आली होती. शंभरेक कार्डे होतील या भीतीने मी हे काम आठवडाभर टाळले आणि शेवटी केले तेव्हा तेवीस निघाली. तेवीस गोष्टी माणूस एका संध्याकाळी टेबलावर पसरून नजरेखालून घालू शकतो.

या पसरण्याची कल्पना माझी नाही. 2000 साली आलेल्या क्रोनोनॉट्स नावाच्या पत्त्यांच्या खेळात 1865 ते 1999 या काळातल्या घटनांची 32 कार्डे चार ओळींत मांडलेली असतात. त्यांतल्या काही घटना खिळीसारख्या आहेत. खीळ उलटली की तिच्यावर अवलंबून असलेली ठरावीक कार्डेच उलटतात, बाकीची जागची हलत नाहीत, आणि उलटलेल्या जागी विरोधाभास उभा राहतो, तो नव्या घटनेच्या कार्डाने बुजवावा लागतो. एकाच वेळी तेरा विरोधाभास साचले तर विश्व नष्ट होते आणि सगळेच हरतात. गेममास्टरने यातून घेण्यासारखे एवढेच की कोणत्या घटनेला कोणती घटना टांगलेली आहे हे आधी ठरलेले असावे, आणि बदलाची लाट एका किंवा फार तर दोन पायऱ्यांवर थांबावी. सेनापती गेला म्हणून युद्ध गेले, युद्ध गेले म्हणून छावणी गेली, इथपर्यंत ठीक. छावणी गेली म्हणून गव्हाचा व्यापार वाढला, म्हणून उत्तरेत नवा धर्म स्थापन झाला, असे सुतावरून स्वर्ग गाठत गेलात तर दहा दिवस पुरणार नाहीत आणि त्यातले काहीही खेळाडूंच्या लक्षात राहणार नाही.

दाखवण्याच्या पद्धतीविषयीही थोडे लिहितो. दरवाजातून बाहेर येताच बदललेल्या इतिहासाचे निवेदन करू नका. पहिल्या सत्रात त्यांना नदी पार करून देणारा एखादा नावाडी असेलच. त्या युद्धात त्याची तीन बोटे गेली होती असे सांगितलेले असेल, तर आता तो दहाही बोटांनी पैसे मोजताना दिसू द्या आणि गप्प बसा. कोणीतरी ओळखेल, आणि मग उरलेल्या बावीस गोष्टी ते स्वतःच शोधत सुटतील.

एका मोहापासून मात्र सावध राहा. सेनापतीच्या जागी त्याहून क्रूर कोणी बसवून 'भूतकाळाला हात लावू नये' असा धडा शिकवण्याची पद्धत फार बोकाळली आहे, आणि मला ती अजिबात आवडत नाही. त्यांनी एका मुलाला युद्धापासून वाचवले. त्याची किंमत काही प्रमाणात वसूल करायला हरकत नाही, पण त्यासाठी शिक्षा नको.

आवर्तन

वरच्या प्रतिसादातली कार्डांची पद्धत उत्तम आहे, परंतु इतिहास बदललाच पाहिजे हे त्यात गृहीत धरले आहे. मला तुमच्या प्रश्नाच्या शेवटी आलेले बाराव्या सत्राचे वर्णन सर्वांत मोलाचे वाटले, आणि तुम्ही ते 'बारीक गोष्ट' म्हणून सांगता याचे आश्चर्य वाटले.

इगोर नोविकोव्ह या भौतिकशास्त्रज्ञाने 1980च्या दशकात मांडलेले सुसंगतीचे तत्त्व असे सांगते की भूतकाळात जाणे शक्य असले, तरी तेथे तुम्ही जे कराल ते आधीपासूनच इतिहासाचा भाग असते. त्यावर जोसेफ पोल्चिन्स्की यांनी एक पेच टाकला. बिलियर्डचा चेंडू काळाच्या बोगद्यात शिरून थोडा आधी बाहेर पडला आणि त्याने बोगद्याकडे निघालेल्या स्वतःलाच धडक देऊन बाजूला सारले, तर तो बोगद्यात शिरलाच कसा? किप थॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये दाखवून दिले की याला सुसंगत उत्तर सापडते. चेंडू स्वतःला पूर्ण धडक न देता निसटता घासून जातो, त्यामुळे त्याचा मार्ग किंचित वळतो, आणि त्या किंचित वळणामुळेच तो पुढे निसटता घासेल अशा बेताने बोगद्यात शिरतो.

गेममास्टरने हा निसटता धक्का शोधायचा असतो. तुमच्या खेळाडूंनी त्या मुलाला भरतीच्या रांगेतून बाहेर काढले. त्याचे नाव भरतीच्या नोंदवहीत आधीच लिहिले गेले असेल तर? रांगेत त्याच्या मागे उभ्या असलेल्या, स्वतःचे नाव लपवण्याचे काही कारण असलेल्या दुसऱ्या तरुणाने ते नाव ऐकून हजेरी दिली असेल तर? मग एकतीस सत्रे ज्याच्याशी ते लढत आले तो सेनापती तो मुलगा नव्हताच, आणि म्हणूनच बाराव्या सत्रात त्याने बालमित्राला ओळखले नाही. तुमच्या विसराळूपणाला पुरावा होण्याचे भाग्य लाभले आहे, ते वाया घालवू नका. वैद्याचा प्रश्न आपोआप सुटतो, आधीचे एकही सत्र खोटे ठरत नाही, आणि खरा मुलगा आता समुद्रापार एकोणऐंशी वर्षांचा म्हातारा म्हणून जिवंत असू शकतो, ज्याच्या नावाने घडलेले सगळे त्याने केवळ ऐकलेले आहे.

एक इशारा माझ्याच चुकीतून देतो. मी एकदा संपूर्ण कॅम्पेन या तत्त्वावर चालवले. पहिल्यांदा वर्तुळ पूर्ण झाले तेव्हा खेळाडूंनी टाळ्या वाजवल्या, दुसऱ्यांदा ते हसले, आणि तिसऱ्यांदा एकाने फासे बाजूला ठेवून विचारले की आम्ही काहीही केले तरी तेच होणार असेल तर आम्ही येथे कशाला जमतो. त्याला देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नव्हते. तेव्हा हा डाव एका कॅम्पेनमध्ये एकदाच खेळावा.

जुनी वही

नोंदवहीची कल्पना वाचून मी मनातल्या मनात दाद दिली, तरीही एक आक्षेप नोंदवतो. वीस पडल्यावर खेळाडूंना जे मिळाले असे वाटले होते, ते 'युद्ध टळले' हे होते. एका मुलाचा जीव वाचला हेही मोठेच आहे, पण त्यांनी त्यासाठी डाव लावलेला नव्हता. युद्ध जसेच्या तसे झाले असे दाखवायचे असेल, तर किमान एखादे नगर तरी वाचलेले दाखवा. सात नगरे जिंकायला विशिष्ट माणसाची हुशारी लागली असेल, तर त्याचे नाव चोरणाऱ्याला सातही जमावीत असे नाही.

वैद्याच्या खुर्चीतून

मी गेममास्टर नाही, खेळाडू आहे, आणि दोन वर्षांपूर्वी बरोबर तुमच्या वैद्याच्या जागी बसले होते. आमच्या गेममास्टरने परतल्यावर सर्वांसमोर जाहीर केले की माझ्या पात्राचे घर, भाऊ आणि तिचे नाव माहीत असलेले सगळे लोक आता अस्तित्वातच नाहीत. त्याच्या मनात ते एक मोठे नाट्यमय वळण होते. माझ्या मनात मात्र असे होते की मी दीड वर्ष जपलेल्या पात्राची पाने कोणीतरी मला न विचारता फाडली. मी त्या सत्रात पुढे फारसे बोलले नाही आणि नंतरच्या दोन सत्रांना गेलेही नाही.

म्हणून माझी विनंती अशी की काळाचा नियम कोणताही ठरवा, पण पुढच्या सत्राआधी त्या खेळाडूशी एकटीशी बोला. शेवट सांगून टाकू नका, फक्त तिला काय गमावायला चालेल आणि काय अजिबात चालणार नाही एवढे विचारा. पुष्कळदा खेळाडू स्वतःच्या पात्रावर गेममास्टरपेक्षाही कठोर संकट ओढवून घ्यायला तयार असतो, मात्र ते संकट त्याने निवडलेले असावे लागते. कॅरॅक्टर शीटवरचे, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेल्या कागदावरचे, कौशल्य, शस्त्रे, आकडे यांना हात लावू नका असे माझे ठाम मत आहे. काळाच्या प्रवासात जे स्वतः गेले ते जसेच्या तसे परत येतात आणि जग त्यांच्याभोवती बदललेले असते, एवढा साधा नियम टेबलाला पुरतो. भौतिकशास्त्रात तो बसतो की नाही हे विचारायला तेथे कोणी येत नाही.

आठवणींचे काय, हा प्रश्न त्याला जोडूनच येतो. जुने जग पाच पात्रांनाच आठवते असे ठरवलेत तर एक वेगळाच गोडवा निर्माण होतो. ज्या मोहिमांमधून ते गेले त्यांचे साक्षीदार आता तेच पाच जण उरतात, आणि एखाद्या जखमेचा व्रण दाखवून 'हा कुठे झाला' असे कोणी विचारले तर सांगण्यासारखे खरे उत्तर त्यांच्याकडे नसते. आमच्या कॅम्पेनमध्ये पुढे हेच सर्वांत चांगले खेळले गेले. अर्थात, मी परत गेल्यानंतर.

वीसपैलू

'काहीही बिघडले तरी मागे जाऊन दुरुस्त करू' याकडे अजून कोणी वळलेले नाही आणि माझ्या मते कॅम्पेन त्यानेच मोडेल, म्हणून तेवढ्यावरच लिहितो.

या छंदातल्या मोठ्या खेळांनी हा धोका फार पूर्वीच ओळखलेला आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014च्या आवृत्तीत 'विश' हा नवव्या पातळीचा, म्हणजे सर्वोच्च पातळीचा मंत्र आहे. घडलेली गोष्ट बदलण्यासाठी तो वापरला, तर त्याने फक्त मागच्या एका फेरीतले एक दान पुन्हा टाकायला लावता येते, आणि फेरी असते सहा सेकंदांची. त्या सहा सेकंदांसाठी मंत्र टाकणाऱ्याच्या ताकदीचा आकडा काही दिवस अवघ्या तीनवर येतो, आणि तो मंत्र पुन्हा कधीही टाकता न येण्याची शक्यता 33 टक्के असते. जवळजवळ देवत्वाला पोहोचलेल्या जादूगाराला जे सहा सेकंदांपुरते आणि इतक्या महागात मिळते, ते तुम्ही गटाला साठ वर्षांपुरते आणि फुकट दिले आहे. चोराने तसा उत्साह दाखवला यात त्याचा काय दोष?

दुसरे उदाहरण ब्लेड्स इन द डार्क या 2017 मधल्या खेळाचे. त्यात खेळाडू चालू प्रसंग थांबवून 'मी याची तयारी आधीच करून ठेवली होती' असे सांगू शकतो. साध्या तयारीला काही पडत नाही, अवघड तयारीला एक आणि फारच गुंतागुंतीच्या तयारीला दोन किंवा अधिक ताण (पात्राला सोसावे लागणारे गुण) मोजावा लागतो. पण नियम तेथे स्पष्ट आहे की हा कालप्रवास नव्हे आणि आत्ता टेबलावर घडून गेलेली गोष्ट त्याने पुसता येत नाही. भूतकाळात भर घालता येते, खोडता येत नाही. चोराने पुरलेली नाणी याच जातीची आहेत, त्यामुळे ती त्याला बिनधास्त मिळू द्या. अशा युक्तीला बक्षीस मिळाले की खेळाडू खोडण्याऐवजी भर घालण्याकडे वळतात. हवे तर वीसपैकी एकोणीसच सापडू द्या. एका हरवलेल्या नाण्यावर खेळाडू जितका विचार करतात तितका ते राजवाड्यातल्या खजिन्यावरही करत नाहीत.

राहिला दरवाजा. तो कोसळला असे दाखवणे सोपे आहे, पण ते फसवल्यासारखे वाटते. त्यापेक्षा तो उभा ठेवा आणि त्याला दाम लावा. माझ्या टेबलावर असा नियम आहे की दरवाजातून जाण्याच्या प्रत्येक खेपेला पात्राच्या पूर्वायुष्यातली एक ओळ खेळाडूने स्वतःच्या हाताने शीटवर खोडायची. पहिले प्रेम, गुरूचे नाव, जन्मगावाची वाट, काय द्यायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे, पण खोडलेली ओळ परत येत नाही. हा नियम सुरू झाल्यापासून दोन वर्षांत दरवाजा फक्त दोनदा उघडला गेला, आणि दोन्ही वेळा टेबलावर तासभर वाद झाल्यानंतरच. हा दाम पूर्वसूचना देऊनच घ्यावा हे वेगळे सांगायला नको. वर एका खेळाडूने जे सोसले ते वाचल्यावर तर नकोच.

पडद्यामागचा

सर्वांचे मनापासून आभार. सत्र काल झाले. उत्सुकता दाखवणारे काही निरोप आले होते, म्हणून काय केले ते लिहून ठेवतो.

कार्डे एकोणीस निघाली. त्यांपैकी अकरा जागच्या जागी राहिली, सहा बदलली आणि दोन फाडली. नाव चोरणारा दुसरा तरुण मी घेतला, पण 'जुनी वही' यांचा आक्षेप पटल्यामुळे त्याला सातऐवजी तीनच नगरे जिंकता आली. चार नगरे कायमची स्वतंत्र राहिली. कॅम्पेनचा शत्रू त्यामुळे उरला, फक्त तो आता आखूड झाला आहे आणि स्वतःच्या खोट्या नावाला भिणारा आहे. बाराव्या सत्राचा प्रसंग जुन्या जगातला होता की याच जगातला, यावर मी मुद्दाम मौन पाळले. भाटाने तो स्वतःहून आठवला, नोंदवहीचा तर्क स्वतःच केला आणि आनंदाने टेबलावर मूठ आपटली तेव्हा त्याचे फासे जमिनीवर गेले.

वैद्याच्या खेळाडूशी मी आठवडाभर आधी फोनवर बोललो. मला वाटले होते ती आईवडील वाचवा असे म्हणेल. तिने उलट सांगितले की दोघेही जिवंत असावेत, सुखात असावेत, आणि एकमेकांना कधीच भेटलेले नसावेत. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

सत्राच्या मध्यावर ती एका स्वतंत्र नगरात आईच्या दारापाशी पोहोचली. दार उघडणाऱ्या बाईने तिच्या हातातली औषधांची पेटी पाहिली आणि आमच्याकडे कोणी आजारी नाही असे म्हणाली. वैद्याने उत्तर दिले की वाटेत तहान लागली म्हणून दार वाजवले. बाईने पाणी दिले. तांब्या परत करताना वैद्याने विचारले की गुडघा पावसाळ्यात दुखतो का, आणि तो दुखतो हे या अनोळखी मुलीला कोणी सांगितले असेल असे वाटून बाई गोंधळली. त्यापुढे दोन-तीन मिनिटे टेबलावर कोणीच बोलले नाही आणि मीही पुढचे वर्णन सुरू केले नाही.

दरवाजाचा दाम मी सत्राच्या सुरुवातीलाच सर्वांना वाचून दाखवला होता. चोराने लगेच आपली शीट चाळून कोणती ओळ स्वस्तात जाईल ते पाहायला सुरुवात केली. वैद्याच्या दारातल्या प्रसंगानंतर त्याने ती शीट पालथी घातली. पुढे काय होईल ते पाहू, मी त्याच्यावर पूर्ण विश्वास टाकलेला नाही.

नाणी एकोणीसच सापडली. अपेक्षेप्रमाणे उरलेला पाऊण तास विसाव्या नाण्यात गेला. पायरीचा दगड हलवल्याच्या खुणा आहेत का, बाकीची एकोणीस का सोडली, एकच नेणारा माणूस चोर असू शकतो का, असे सगळे विचारून झाले. ते नाणे कोणी नेले हे मी अजून ठरवलेले नाही. एक नवे, विसावे कार्ड कोरेच ठेवून दिले आहे.